फळ्यावरचा हिमोढ

'हिमोढ' हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याचा हिशोब नाही. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, तोही सातारा जिल्ह्यात, जिथे बर्फ म्हणजे जत्रेतल्या गोळेवाल्याच्या गाडीवरचा. हिमनदी वाहताना दगडगोटे, माती, चिखल ओढून आणते, वितळताना तिथेच टाकते, त्या ढिगाला हिमोढ म्हणतात. पार्श्व, मध्य, भू आणि अंत्य असे त्याचे चार प्रकार. हमखास दोन गुणांचा प्रश्न. मुलं पाठ करायची. मीसुद्धा पाठच केलं होतं.

लेक मॅडिसनला राहते, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात. तिथून तासाभराच्या अंतरावर, बाराबू गावाजवळ, डेव्हिल्स लेक नावाचं तळं आहे आणि त्याच्या भोवती राज्याचं उद्यान. 1911 साली ते राज्याने राखलं. आज नऊ हजार एकरांच्या वर पसरलंय आणि विस्कॉन्सिनमधलं सगळ्यात मोठं राज्य-उद्यान तेच. तळ्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला पाचशे-पाचशे फूट उंच कडे, मधे 360 एकरांचं पाणी, आणि कड्यांच्या माथ्यावरून रानातून जाणारी वाट. सगळा फेरा पाचेक मैलांचा, म्हणजे आठ किलोमीटर. कळसूबाई चढलेल्या बाईला एवढं काय, असं मी पहिल्या खेपेला म्हणाले होते.

त्या पहिल्या खेपेचं आधी सांगून टाकते. तळ्याला फेरी मारायची तर प्रदक्षिणाच मारू, पाणी उजव्या हाताला ठेवू, असा हट्ट मी धरला. सगळ्यांनी मान दिला. उत्तरेच्या काठावरून निघून आम्ही आधी पूर्वेचा कडा चढलो, माथ्यावरून दक्षिणेला गेलो, आणि बॅलन्स्ड रॉक नावाच्या दगडाशेजारून खाली उतरायला लागलो. उतरायला म्हणजे काय, दगडांच्या राशीतून काढलेला तो एक जिनाच. त्यात पावसाची भुरभुर. विसाव्या पायरीला उजवा गुडघा बोलू लागला आणि चाळिसाव्या पायरीनंतर मी साठीची बाई लहान मुलासारखी बसून बसून खाली आले. पँटची मागची बाजू फाटली ती वेगळीच. फेरा तिथेच संपला, जावई उत्तरेच्या काठावरून गाडी घेऊन आला.

म्हणून दोन वर्षांनी, ऑक्टोबरच्या मध्यावर एका मंगळवारी, पुन्हा गेले ते उलट बाजूने. पाणी डाव्या हाताला. बरोबर फक्त जावई. लेकीचं बाळ चार महिन्यांचं, त्यामुळे ती घरीच. जावयाबरोबर अख्खा दिवस एकटीने घालवायची ही माझी पहिलीच वेळ. आमच्याकडे जावयाला अहो-जाहो करतात, तोही मला "आई, तुम्ही" म्हणतो. दोन 'तुम्हीं'मधे जेवढं बोलणं होतं तेवढंच गाडीत झालं.

पश्चिमेचा कडा चढायला अवघड नाही. पायऱ्या, मग वळण, पुन्हा पायऱ्या, आणि मधे मधे जुन्या डांबराचे तुकडे. रानात डांबर पाहून मला जरा राग आला. मग दम लागल्यावर गेला. झाडं ओक, हिकरी, मेपल, मधे उंच पांढरा पाइन. मेपल लाल झालेला, हिकरी पिवळी, ओक मात्र तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा. पायाखाली ओकची फळं, गोट्यांसारखी. पाय पडला की सटकतो. ती वेचायला पाठीवर पट्टे असलेल्या छोट्या खारी दोन्ही गाल भरून पळत होत्या.

माथ्यावर आलं की रान एकदम थांबतं आणि कडा उघडा पडतो. इथला खडक पाहिल्यावर सह्याद्रीचं माणूस जरा बिचकतंच. आपला डोंगर काळा. हा गुलाबी-जांभळा, पाणी जास्त झालेल्या कोकम सरबताच्या रंगाचा. क्वार्टझाइट हा. आधी वाळू होती, तिचा वालुकाश्म झाला, आणि दाब आणि उष्णता यांनी वालुकाश्माचा हा. रंग लोहाच्या गंजाचा. वाळू साचली ती सुमारे 170 कोटी वर्षांपूर्वी. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याला साडेसहा कोटी वर्षं झाली म्हणून आपण छाती पुढे काढतो. या खडकापुढे तो कालचा पोरगा.

वाटेच्या कडेला एक आडवी फरशी होती, दोन हात लांब. वरून चाललं तर काही दिसत नाही. ऊन तिरपं पडलं होतं म्हणून दिसलं: फरशीवर वळ्या. बोटभर रुंदीच्या, एकामागून एक, किंचित नागमोडी. मी खाली बसून हात फिरवला. गुहागरला ओहोटीनंतर ओल्या वाळूवर ज्या वळ्या उठतात, अनवाणी चालताना तळव्यांना टोचतात, अगदी त्याच. पाण्याने वाळूवर काढल्या, वर नवी वाळू साचली, आणि मग जमीन उचलली गेली, दबली, भाजली, तरी वळ्या राहिल्या. तेव्हा जमिनीवर गवताचं पातंही नव्हतं. जावई शेजारी उभा राहून पाहत होता. मग तोही बसला आणि त्यानेही हात फिरवला. "आई, हे शाळेत असं का नाही शिकवत?" मी म्हटलं, "शिकवत होते की. दोन गुणांना."

खाली तळं निळं, शांत. कड्याच्या पायाशी पडलेल्या दगडांचा उतार थेट पाण्यात गेलेला. आणि आमच्या डोळ्यांच्या पातळीला गिधाडं. टर्की गिधाड म्हणतात त्यांना. डोकं लाल, पंख इंग्रजी 'व्ही'सारखे वर उचललेले, आणि उडताना दारू प्यायल्यासारखं डोलतात. कड्यावर आपटून वर येणाऱ्या वाऱ्यावर पंख न हलवता फिरत होती, इतकी जवळून की पिसांची सळसळ ऐकू यावी. माझ्या लहानपणी माणदेशात जनावर मेलं की तासाभरात गिधाडं उतरायची. पन्नास-पन्नास. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे औषध मढ्यांतून पोटात जाऊन ती मेली, 2006 साली औषधावर बंदी आली, तोवर व्हायचं ते झालं होतं. माझ्या शेवटच्या दहा वर्षांतल्या एकाही विद्यार्थ्याने गिधाड पाहिलेलं नव्हतं. मी बराच वेळ उभी राहिले. जावयाने घाई केली नाही, ही गोष्ट मी लक्षात ठेवली.

दक्षिणेच्या काठावर उतरलो. इथे सपाटी, हिरवळ, बाकं, उन्हाळ्यात पोहायला येणाऱ्यांची सोय. वर्षाला वीस लाखांहून जास्त माणसं इथे येतात. त्या मंगळवारी काठावर दोन म्हातारे आणि एक कुत्रा. आम्ही बाकावर बसून डबा उघडला: बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. भाकरी लेकीने केलेली, कडेला जरा जाड. तशी तिची नेहमीच होते.

जवळच गवताचा एक लांबट उंचवटा आहे. त्याभोवती फिरल्यावर कळतं की तो पसरलेल्या पंखांचा पक्षी आहे. हजारेक वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी मातीचा रचलेला. पक्षी, अस्वलं, पाण्यातले आत्मे असे मातीचे आकार या भागात पुष्कळ रचले गेले. हो-चंक लोक त्या माणसांना आपले पूर्वज मानतात. त्यांच्या भाषेत तळ्याचं नाव पवित्र तळं, आत्म्याचं तळं अशा अर्थाचं आहे. त्यांच्या कथेत मेघगर्जनेचे पक्षी आणि पाण्यातले आत्मे यांची इथे लढाई झाली आणि त्या माऱ्यात हे कडे फुटले. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्या पवित्राचं 'डेव्हिल' करून टाकलं. 1837 च्या कराराने हो-चंकांकडून मिसिसिपीच्या पूर्वेची उरलेली जमीन गेली. त्यांना पुन्हा पुन्हा पश्चिमेकडे हाकललं, आणि ते पुन्हा पुन्हा चालत परत आले. आजही ते या राज्यात आहेत. तळ्याचं नाव मात्र सैतानाचंच राहिलं, आणि मला विचाराल तर ते बदलायला हवं.

रेल्वेचे रूळ ओलांडले की समोर ती वाट. बॅलन्स्ड रॉक. लांबी अर्ध्या मैलाहूनही कमी, चढ जवळजवळ सरळ. आता चढायचं होतं, त्यामुळे नजर पायरीवर होती. आणि चढताना पायरी नाकासमोर येते, म्हणून दोन वर्षांपूर्वी जे दिसलं नव्हतं ते दिसलं.

पायरी म्हणजे एकच अखंड दगड, अडीच-तीन फूट रुंद. हा खडक फुटतो तो धारदार कोनांत, त्याला गोलाई माहीत नाही. त्याचा सपाट भाग शोधून वर आणलेला, मागची कड पुढच्या पायरीखाली दाबलेली, पाणी साचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला जरासा कल दिलेला. खाली चुना-सिमेंट काही दिसलं नाही. डावीकडे मोठा धोंडा आडवा आला तर तो फोडलेला नाही, वाट त्याच्या कडेने वळवली आहे. मी दोन पायऱ्यांमधल्या फटीत बोट घालून पाहिलं, जात नव्हतं. वरच्या टप्प्यात मात्र पायऱ्या उंच होतात, काही ठिकाणी गुडघ्याएवढ्या. तिथे हात टेकावेच लागतात. "आई, हात द्या," असं जावई तीनदा म्हणाला. दोनदा मी नको म्हटलं.

या पायऱ्या 1930 च्या दशकातल्या आहेत. महामंदी आली, पोरं बेकार झाली. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1933 साली त्यांच्यासाठी सीसीसी नावाची एक योजना काढली: तरुणांना छावणीत ठेवायचं, रानात, उद्यानात काम द्यायचं, महिन्याला 30 डॉलर, त्यातले 25 थेट घरी. योजना 1942 पर्यंत चालली. इथे तळ्याच्या आग्नेय कोपऱ्यात त्या पोरांची छावणी होती. पहारी घेऊन हे धोंडे त्यांनी हलवले. त्यातल्या कित्येकांनी आधी कधी पहार हातात धरली नसेल.

मधे एका पायरीवर दम खायला बसले तेव्हा जावयाला हे सांगितलं, आणि मग जे लेकीलाही कधी नीट सांगितलं नव्हतं ते सांगितलं. 1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. लोखंडी कडीत दगड धरायचा आणि हातोडी मारायची, हाताला चिंध्या गुंडाळून. कामावरच्या पोरांना सुकडी मिळायची, म्हणून मीही जायचे. घरी रेशनवरची मिलो, तांबडी ज्वारी. अमेरिकेतून आलेली. तिची भाकरी थापताना फुटायची, आणि आई त्या ज्वारीला जे बोलायची ते जावयासमोर सांगण्यासारखं नव्हतं, मी सांगितलं. तो इतका हसला की वरून उतरणाऱ्या दोन पोरी थांबून बघायला लागल्या.

मग म्हणाला, "त्या रस्त्याचं पुढे काय झालं?" 

रस्ता आहे. त्यावर आता एस.टी. जाते. त्याच सालात गावाबाहेर बांधलेला पाझर तलावही आहे, गाळाने अर्धा भरलेला. कुणी बांधला हे तिथे लिहिलेलं नाही. इथे निदान त्या पोरांच्या योजनेच्या नावाची एक छोटी वाट आहे, सीसीसी ट्रेल.

बॅलन्स्ड रॉकपाशी पोचलो. खालच्या निमुळत्या टोकावर उभा असलेला माणसाहून उंच दगड. आता पडेल, मग पडेल असं वाटतं आणि पडत नाही. सगळे त्याच्याबरोबर फोटो काढतात, जणू आपणच तो धरलाय. आम्हीही काढला. खरं सांगते, पायऱ्या पाहिल्यावर हा दगड मला फिकाच वाटला.

माथ्यावरून थोडं पुढे गेलं की डेव्हिल्स डोअरवे, दगडांची नैसर्गिक चौकट. तिथल्या एका कड्यावर मी टेकले आणि आग्नेयेला पाहिलं. आता मला हिमोढ शोधायचा होता. दरी इथून आग्नेयेकडे वळते. विस्कॉन्सिन नदी कधीकाळी या दरीतून वाहत होती, असं भूशास्त्रज्ञ मानतात. मग शेवटच्या हिमयुगात बर्फ पूर्वेकडून आला. त्या हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्याला नावच विस्कॉन्सिन, कारण त्याच्या खुणा या राज्यात इतक्या स्पष्ट आहेत. बर्फाची एक जीभ उत्तरेकडून दरीच्या तोंडाशी आली, दुसरी आग्नेयेकडून, आणि दोन्ही तिथेच थबकल्या. सुमारे 15 ते 18 हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन्हीकडून आणलेला दगडमातीचा ढीग दोन्ही तोंडांशी पडला, नदी दुसरीकडे वळली, मधे पाणी अडकलं. तेच हे तळं. जमिनीवरून त्यातून बाहेर पडणारा ओढा नाही. दोन बाजूंना कडे, दोन बाजूंना अंत्य हिमोढ. फळ्यावर काढावी अशी आकृती.

"कुठे आहे तो?" जावयाने विचारलं.

"तो काय समोर."

"ते टेकाड?"

टेकाडच. झाडांनी भरलेलं, बुटकं, गोलसर, कुणाचंही लक्ष जाऊ नये असं. तिकडे तोंड करून कुणी फोटो काढत नव्हतं. कडे नसते तर तळ्याची शोभा गेली असती. ते टेकाड नसतं तर तळंच नसतं. आणि उत्तरेचा त्याचा जोडीदार? नकाशा उघडून पाहिला तर सकाळी आम्ही त्याच्यावरूनच गाडीने उतरलो होतो. दोन वर्षांपूर्वीही. बत्तीस वर्षं जो शब्द शिकवला, त्याच्यावरून दोनदा गाडी गेली आणि मला पत्ता नाही.

परतीला आम्ही कड्याची वाट सोडली आणि ईस्ट ब्लफ वुड्स नावाची रानवाट धरली. ती माथ्यावरून आतल्या बाजूने, मेपलच्या सावलीतून, सावकाश उतरते. तळं दिसत नाही, म्हणून गर्दीही कमी. मला विचाराल तर सबंध फेऱ्यातला सगळ्यात सुखाचा तुकडा हाच. पाचोळ्यात पाय बुडत होते. कुठेतरी सुतार पक्षी ठोकत होता. खाली रुळांवरून मालगाडी गेली, तिचा आवाज कड्यांमधे बराच वेळ फिरत राहिला. आम्ही बोलत होतो, काय ते आता आठवत नाही. लेकीच्या भाकरीबद्दल थोडं.

गाडीपाशी पोचायच्या आधी, रस्त्याच्या कडेला, वादळात पडलेला एक ओक होता. मुळांसकट उपटलेला, मुळांची थाळी माणसाच्या उंचीची उभी राहिलेली, आणि मुळांत माती आणि दगड अडकलेले. मी जवळ गेले. मातीत बारीक पिठूळ चिखल, वाळू, गोटे, सगळं एकात कालवलेलं. पाण्याने आणलेला गाळ असा नसतो. पाणी जड खाली टाकतं, हलकं वर, निवडून-पाखडून ठेवतं. बर्फाला निवडता येत नाही. तो सगळं उचलतो आणि सगळं एकदम टाकतो. मी चार गोटे काढले. एक फिका, पिठूळ, चुनखडकाच्या जातीचा. एक ठिपक्यांचा ग्रॅनाइट. एक काळा, जड, आमच्या घराच्या पायऱ्यांना आहे तसा. आणि एक गुलाबी, फक्त तोच इथला. बाकीचे तीन कुठून कुठून आलेले, घासून गोल झालेले, एका मुठीत.

मी ते जावयाच्या हातात दिले. म्हटलं, "हा बघ हिमोढ."

म्हटल्यावर लक्षात आलं की मी 'बघा' म्हणाले नव्हते. त्याच्याही लक्षात आलं असावं. काही बोलला नाही. गोटे उलटेसुलटे करून पाहिले, मग म्हणाला, "आई, इथून दगड न्यायची परवानगी नसते." मी काळा गोटा एकदा नीट पाहून घेतला आणि चारही परत मुळांत खोचले.

कुणी मॅडिसनला किंवा शिकागोला लेकी-सुनांकडे जाणार असाल तर ऑक्टोबरात, आठवड्याच्या मधल्या वारी जा. उत्तरेच्या काठावर गाडी लावा, पश्चिमेचा कडा आधी घ्या, आणि तळं डाव्या हाताला ठेवा. प्रदक्षिणेचा हट्ट धरू नका. बॅलन्स्ड रॉकची वाट चढायची आहे, उतरायची नाही. आणि पाऊस असेल तर चढायचीही नाही.